मदत हवी आहे : पावसाळ्यात नेब्युलायझरचा कप वाळत नाही, वाफही कमी येते

आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत राहतो. आईचे वय ७४ आहे. उभा जन्म चुलीपुढे गेला आणि आता तिला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी घरी कंप्रेसरचा नेब्युलायझर (हवेच्या दाबाने औषधाचे तुषार करणारे मशीन) सुरू करून दिला असून त्यातून सकाळ-संध्याकाळ लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम ही औषधे एकत्र दिली जातात. मेअखेरपर्यंत सगळे सुरळीत होते. मिरग लागल्यापासून मात्र घरात काहीच सुकत नाही.

मी रोज रात्री कप आणि मास्क साबणाच्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवत होतो. परवा सकाळी डबा उघडला तर कुबट वास आला आणि मास्कच्या आतल्या कडेला तिळाएवढे काळे ठिपके दिसले. नळी उजेडाकडे धरली, तर तिच्यातही थेंब अडकलेले होते. शिवाय पूर्वी दहा मिनिटांत संपणारे औषध आता पंचवीस मिनिटे पुरते. तोवर आई दमून मान खाली घालते.

नळी धुवावी का? विहिरीचे पाणी सध्या गढूळ आहे, ते उकळून वापरले तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात की वाफच ती, तर निलगिरी तेलाचे दोन थेंब घाला. मला धीर होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे आईला काचबिंदू आहे आणि मास्क काढल्यावर तिचे डोळे चुरचुरतात. याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद :

मी श्वसनविकाराच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण शेवटी लिहिलेली गोष्ट मी पहिली घेते. इप्राट्रोपियमचे तुषार मास्कच्या कडेतून डोळ्यांत गेले, तर काचबिंदू असलेल्या माणसाच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो. आजच डॉक्टरांना फोन करून काचबिंदूची कल्पना द्यावी आणि मास्कऐवजी तोंडात धरायचा माउथपीस वापरावा का, ते विचारावे. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

बुरशी आलेला मास्क आणि ती नळी टाकून द्यावी, कारण नळी आतून धुता येत नाही. नव्या नळीत दमटपणा दिसला, तर कप काढून नुसत्या नळीतून एक-दोन मिनिटे मशीनची हवा सोडावी. धुतलेले भाग फडक्याने पुसू नयेत, झटकून स्वच्छ कापडावर उघडे ठेवावेत. मी तर रुग्णांना दोन कप घ्यायला सांगते, म्हणजे एक पूर्ण वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. खडखडीत कोरडा झाल्याशिवाय कप डब्यात जाता कामा नये.

औषध संपायला वेळ लागतो, त्याचे कारण बहुधा कपाच्या तळाशी असलेले सुईएवढे छिद्र असावे. औषधातल्या मिठाचा पांढरा थर तिथे बसतो. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने लगेच धुतल्यास तो साचत नाही, पण छिद्रात टाचणी घालू नये. मशीनचा फिल्टरही काढून पाहावा. तो करडा पडला असेल तर बदलावा, धुऊ नये.

धुण्यासाठी उकळून गार केलेले पाणी चालेल, मात्र कपात पाणी कधीही घालू नये. साध्या पाण्याने श्वासनलिका आकसू शकतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितले तरच निर्जंतुक सलाइन मिसळावे. तेल तर अजिबात नको. लोक वाफ म्हणतात खरे, पण ते औषधाचे बारीक तुषार असतात आणि त्यांच्याबरोबर तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. डॉक्टरांनी माउथपीस वापरायला सांगितले आणि डोळ्यांची तपासणीही करून घेतली. दोन कप आणले आहेत. धुतलेला कप देवघरातल्या कोरड्या फळीवर कापडावर ठेवतो. काल औषध नऊ मिनिटांत संपले आणि आई ताठ बसून होती.

एक अडचण उरली आहे. वादळात इथली वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इन्हेलर देता येतो असे ऐकले आहे. तो आईला चालेल का आणि किती वेळा द्यायचा, हे सोमवारी डॉक्टरांकडून लिहून घेणार आहे. कोणी घरातल्या इन्व्हर्टरवर कंप्रेसर चालवत असल्यास कृपया अनुभव सांगावा.