मदत हवी आहे: घरकुलाचा दुसरा हप्ता अडकलाय

आमच्या आत्याला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधून घरकुल मंजूर झालं. पहिला हप्ता आला, जोत्यापर्यंत काम झालं, फोटो काढून जिओटॅगिंगही (फोटोसोबत जागेची नोंद) झालं. त्याला आता तीन महिने होतील. ग्रामसेवक म्हणतात पंचायत समितीत विचारा, तिथले म्हणतात बँक खातं आधारला जोडा. ते तर कधीच जोडलंय! १ लाख २० हजारांत २५ चौरस मीटरचं घर उभं करणं आधीच कसरत, त्यात वाळू उधारीवर आणि सिमेंटची चार पोती ओलीने दगड झालेली. रोजगार हमीच्या ९० दिवसांच्या मजुरीचं मस्टरही (हजेरीपत्रक) निघालेलं नाही, जॉबकार्ड असून. कुणाचा असा हप्ता अडकला होता का? लेखी अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा की थेट जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे?