लघु संदेष्टे: ८ रविवारांत कुठून सुरुवात करावी?

शरणपूर_वाचक
सलाम मंडळी. नाशिकला उपासनेनंतर दहा-बारा जणांचा अभ्यासवर्ग घ्यायचाय. बायबलच्या जुन्या करारातले लघु संदेष्टे: होशेय ते मलाखी, १२ पुस्तकं, ६७ अध्याय. दर रविवारी एक तास. क्रमानेच जावं का?

गोदाकाठ
क्रमाने नको. ती मांडणी काळानुसार नाही, आणि होशेयचे १४ अध्याय पहिल्याच फटक्यात जड जातात. ६७ अध्यायही बसवू नका.

हाग्गयपासून धरा. फक्त ३८ वचनं, आणि प्रत्येक संदेशावर तारीख. पारसाचा राजा दारयावेश याचं दुसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५२०. फळ्यावर चार ओळी काढा: सहाव्या महिन्याची १, सातव्याची २१, नवव्याच्या २४ ला दोन संदेश. आता जखऱ्या १:१ उघडा: तेच वर्ष, आठवा महिना. दोघे एकाच वेळी बोलत होते हे फळ्यावरच दिसतं. जोडीला एज्रा ५ आणि ६, त्यांत याच काळाची हकीकत आहे.

इथे हमखास होणारी चूक: सहावा महिना म्हणजे जून नव्हे. मोजणी वसंतातल्या नीसान या यहुदी महिन्यापासून, म्हणजे सहावा साधारण ऑगस्ट-सप्टेंबर. सातव्याची २१ हा मांडवांच्या यहुदी सणाचा सातवा दिवस. हे कळलं की दुसऱ्या अध्यायातली गर्दी डोळ्यांपुढे येते.

देवळालीकर
हाग्गय ठीक, पण नकाशा आवडणाऱ्यांना आमोस १–२ द्या. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, मग यहूदा. पेन्सिलीने जोडत जा. फास आवळत शेवटी इस्राएलवर येतो. आमोस स्वतः दक्षिणेतल्या यहूदा राज्यातल्या तकोवाचा आणि बोलतोय उत्तरेतल्या इस्राएल राज्यात, हे आधी सांगू नका. सातव्या अध्यायात बेथेलचा याजक त्याला हाकलतो, तेव्हा सांगा.

योना आणि नहूम एकाच रविवारी. शहर एकच, अश्शूरची राजधानी निनवे. नहूम ३:८ मध्ये नो-आमोन (मिसरमधलं थेबेस) पडल्याचा उल्लेख आहे (इ.स.पू. ६६३) आणि निनवे पडलं ६१२ ला, म्हणजे पुस्तक या दोन सालांच्या मधलं.

गोदाकाठ
नावांचा घोळ आधीच निस्तरा. संदेष्टा मीखा वेगळा, १ राजे २२ मधला इम्लाचा मुलगा मीखाया वेगळा. तो शंभरेक वर्षं आधीचा, त्याचं पुस्तक नाही. अहाब राजाचा कारभारी ओबद्या (१ राजे १८) हा पुस्तकवाला संदेष्टा नव्हे. २ इतिहास २४ मध्ये दगडमार झालेला जखऱ्या यहोयादाचा मुलगा, तोही पुस्तकवाला जखऱ्या नव्हे.

शरणपूर_वाचक
हबक्कूकला किती वेळ?

देवळालीकर
पूर्ण तास. २:४ वाचलं की लगेच नव्या करारात तेच वचन उद्धृत झालेल्या जागा: रोम १:१७, गलती ३:११, इब्री १०:३८. तिसरा अध्याय गीत आहे, एकाने मोठ्याने म्हणावा. पंडिता रमाबाईंचं १९२४ चं बायबलचं मराठी भाषांतर कुणाच्या घरी असेल तर तेही शेजारी उघडून ठेवा.