संगणकाचे साउंड कार्ड प्रयोगशाळेत मापनासाठी वापरताना सूर आपोआप विरतो आणि दोन्ही वाहिन्या एकसारख्या दिसतात

प्रश्न

विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर ऑसिलोस्कोप नसल्यामुळे लॅपटॉपच्या साउंड कार्डाकडूनच ते काम करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. हेडफोनच्या जॅकमधून साइन तरंग बाहेर काढायचा, तो 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांच्या लो-पास (कमी वारंवारता पुढे जाऊ देणाऱ्या) फिल्टरमधून न्यायचा, आणि मूळ व फिल्टर झालेला असे दोन्ही तरंग ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी मुद्रित करायचे, अशी मांडणी आहे. गणिताप्रमाणे कटऑफ वारंवारता (जिच्या वर फिल्टर तरंग दाबू लागतो ती) 1,590 हर्ट्झच्या आसपास यायला हवी.

अडचणी तीन आहेत. 1 किलोहर्ट्झचा सूर सुरू केला की पहिले दोन-तीन सेकंद आलेख भरगच्च दिसतो, मग कोणीही हात न लावता तो बारीक होत जातो आणि शेवटी जवळजवळ सरळ रेषा उरते. दुसरे म्हणजे डावी आणि उजवी वाहिनी तंतोतंत सारखी येते, त्यामुळे कलांतर (एक तरंग दुसऱ्याच्या किती मागे-पुढे आहे ते) नेहमी शून्यच निघते. तिसरे, पडताळणीसाठी खरा ऑसिलोस्कोप त्याच फिल्टरला जोडला की मुद्रणात गुणगुण शिरते. विद्यार्थी या आकड्यांवरून निष्कर्ष काढणार आहेत, म्हणून कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

उत्तर 1

पहिल्या अडचणीत साउंड कार्ड बिघडलेले नाही. लॅपटॉपमधील ध्वनीची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असते आणि तिच्यातील गोंगाट दाबणारी प्रणाली पंख्याच्या घरघरीसारखा न बदलणारा आवाज ओळखून तो कमी करते. तुमचा साइन तरंग तिच्या दृष्टीने तसाच एक गोंगाट आहे. विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंग्जमधून इनपुट उपकरण उघडून ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावे. लॅपटॉप बनवणाऱ्यांचे स्वतःचे ध्वनीचे ॲप असल्यास त्यातही हीच सोय वेगळी चालू असू शकते, आणि ती बहुधा नजरेतून सुटते. मायक्रोफोन बूस्ट शून्यावर आणावा आणि इनपुट व आउटपुट दोन्हींचा नमुनादर (दर सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या) 48,000 हर्ट्झ ठेवावा. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून एफ4 दाबल्यावर इनपुटच्या पातळ्या दिसतात.

हे केल्यानंतर फिल्टर बाजूला ठेवून आउटपुटची तार सरळ इनपुटला जोडावी आणि तोच सूर मिनिटभर मुद्रित करावा. त्याची उंची शेवटपर्यंत स्थिर राहिली तरच पुढचे मापन विश्वासार्ह मानावे.

उत्तर 2

दुसऱ्या अडचणीचे मूळ जॅकमध्ये आहे. चार पट्ट्यांच्या एकत्रित जॅकमध्ये आउटपुटसाठी डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात, पण इनपुट मायक्रोफोनचे आणि एकच असते. तेच इनपुट सॉफ्टवेअर दोन्ही वाहिन्यांत उतरवते. शिवाय इलेक्ट्रेट मायक्रोफोनसाठी त्या पट्टीवर काही व्होल्टचा डीसी विद्युतदाब दिलेला असतो, तो तुमच्या सर्किटमध्ये शिरतो. म्हणून स्टिरिओ लाइन-इन असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरणे हाच मला योग्य मार्ग वाटतो. दोन्ही तरंग एकाच वेळी एकाच घड्याळावर मुद्रित झाल्यामुळे संगणकाच्या विलंबाचा कलांतरावर परिणाम होत नाही. कटऑफला 45 अंशांचे कलांतर म्हणजे सुमारे 79 मायक्रोसेकंद, आणि 48,000 च्या नमुनादराला ते जेमतेम पावणेचार नमुने भरते. त्यामुळे एका शिखरावरून अंदाज न बांधता बऱ्याच आवर्तनांची सरासरी घ्यायला विद्यार्थ्यांना सांगावे.

उत्तर 3

गुणगुणीबद्दल लिहितो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप त्याच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते, आणि लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असल्यास ध्वनीच्या सर्किटची जमीनही (ग्राउंड) बहुधा तिथेच पोहोचते. दोन वाटांनी अर्थिंग झाले की मधल्या वळशातून 50 किंवा 60 हर्ट्झचा प्रवाह फिरतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर निदान पक्के. उपाय म्हणून दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत, किंवा मध्ये 1:1 प्रमाणाचा 600 ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका आणि विद्यार्थ्यांनाही काढू देऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. काळी क्लिप सर्किटच्या जमिनीखेरीज दुसऱ्या कोणत्याही बिंदूला लावली तर तो बिंदू थेट अर्थिंगला जोडला जाईल, हेही त्यांना आधीच दाखवून द्यावे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. एन्हान्समेंट्स दोन ठिकाणी चालू होती, ती बंद केल्यावर सूर मिनिटभर स्थिर राहिला. यूएसबी इंटरफेस लावल्यावर दोन्ही वाहिन्या वेगळ्या आल्या आणि एकाच बोर्डावरून वीज घेतल्यावर गुणगुणही ऐकू येण्याइतकी उरली नाही. परंतु आता कटऑफ 3,200 हर्ट्झच्या जवळ येते आणि कमी वारंवारतेलाही आउटपुट इनपुटच्या निम्मेच दिसते. रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही मोजून पाहिले, ते बरोबर आहेत.

उत्तर 2

बरोबर दुप्पट आणि बरोबर निम्मे, यावरून तुमच्या लाइन-इनचा इनपुट रोध सुमारे 10 किलोओहम असणार. तो कपॅसिटरला समांतर येतो, त्यामुळे कपॅसिटरला 10 ऐवजी 5 किलोओहमचा रोध दिसतो आणि कटऑफ 3,180 हर्ट्झवर जाते. रेझिस्टर 1 किलोओहम आणि कपॅसिटर 100 नॅनोफॅरड घेतलात तर गणितातली कटऑफ तीच राहते आणि चूक सुमारे 10 टक्क्यांवर येते. त्याहून चांगले म्हणजे फिल्टर आहे तसाच ठेवून त्याच्या आउटपुटला टीएल072 या ऑप-ॲम्प चिपचा व्होल्टेज फॉलोअर (फिल्टरवर भार न टाकता तोच व्होल्टेज पुढे देणारे सर्किट) जोडावा आणि त्याला 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवावे. फॉलोअरनंतर 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि जमिनीकडे उलटसुलट जोडलेले दोन 1एन4148 डायोड घातले, की चुकून मोठा दाब आला तरी इंटरफेस वाचतो. या रेझिस्टरमुळे वाचन एक दशांशाच्या आसपास कमी येईल, पण ते सर्व वारंवारतांना सारखेच कमी होत असल्यामुळे कटऑफ बदलत नाही. सिग्नलचे शिखर मात्र 0.3 व्होल्टच्या आत ठेवा, अन्यथा डायोडच तरंगाची टोके चपटी करतील.

प्रश्नकर्ता

फॉलोअर ब्रेडबोर्डवर बसवला. कटऑफ आता 1,600 हर्ट्झच्या आसपास येते आणि तिथे कलांतर 45 अंशांच्या जवळ आहे. फॉलोअरविना घेतलेली वाचनेही जपून ठेवली आहेत. 3,200 का आले याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे, म्हणून तो भाग प्रयोगात मुद्दाम ठेवणार आहे.