बर्फाखालचे मासे आणि आमचं हिडकल
तळं गोठल्यावर मासे मरत कसे नाहीत, असं एकानं विचारलंय. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला, ते तळाशी बसतं. बर्फ हलका, वरच तरंगतो. मासे खाली सुस्त पडून असतात. तळी गोठतात अशा थंड देशांतले लोक बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असला तरच वर पाय ठेवतात, मग गिरमिटानं भोक पाडून हातभर काठीनं गळ सोडतात.

आमच्या बेळगावकडे कुठला बर्फ! पण डिसेंबरात घटप्रभेवरच्या हिडकल धरणावर पहाटे रोहू कणकेच्या गोळीला तोंडसुद्धा लावत नाही. ऊन चढलं की मगच दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा जरा डुचमळतो. आमचे मामा तरी पाचलाच उठवतात, काय करणार!