जुन्या ऐरणीचा माथा मिलिंग करून घ्यावा की तसाच ठेवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझ्याकडे एक जुनी ऐरण आली असून तिच्यावर आकडे (हुक), छन्न्या, सांडश्या अशी लहान घडाईची कामे करण्याचा विचार आहे. काम सुरू करण्यापूर्वी तिची दुरुस्ती करावी का, आणि करायची तर कोणत्या पद्धतीने, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ऐरण लंडन पद्धतीची आहे, म्हणजे एका टोकाला निमुळते शिंग, त्याला लागून माथ्यापेक्षा थोडी खाली असलेली पायरी, मग सपाट माथा आणि टाचेजवळ, म्हणजे शिंगाच्या विरुद्ध टोकाला, एक चौकोनी व एक गोल भोक. बाजूला, कमरेच्या (मधल्या अरुंद) भागावर, १·२·१० असे तीन आकडे ठोकलेले आहेत. त्यांचा अर्थ मला लागलेला नाही. माथ्यावर लांबीच्या दिशेने सरळ पट्टी ठेवली की मधोमध साधारण २ मिलिमीटर फट दिसते. पुढच्या कडेच्या ढलप्या दोन-तीन ठिकाणी उडालेल्या आहेत. बेअरिंगमधली पोलादी गोळी २५ सेंटिमीटर उंचीवरून सोडली, तर कमरेच्या वरच्या भागात ती १९ ते २० सेंटिमीटर उसळते; टाचेकडे मात्र पुढच्या कडेला सुमारे १५ आणि मागच्या कडेला जेमतेम १२. त्या मागच्या कोपऱ्यात हातोडी हलकेच आपटली तर आवाजही बद्द येतो. कानस शिंगावर आणि पायरीवर लगेच धरते, माथ्यावर घसरते.

एका कारखान्यात विचारले असता, माथा ३ मिलिमीटर मिलिंग करून (यंत्रावर कापून) सपाट करावा आणि कडा वेल्डिंगने भरून घ्याव्यात, असे सांगण्यात आले. हे करावे का?

प्रतिसाद १

मिलिंगचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून ही घडीव ऐरण दिसते. अशा ऐरणीचे धड मऊ घडीव लोखंडाचे असते आणि त्यावर पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. ही पट्टी नवी असतानाच साधारण अर्धा इंच जाड असते आणि तिला दिलेले पाणी (तापवून झपाट्याने निववून आणलेला कडकपणा) पृष्ठभागाजवळ सर्वांत चांगले लागलेले असते. मिलिंग करताना नेमका तोच थर निघून जातो. शिवाय यंत्रावर ऐरण तिच्या बैठकीवर टेकवतात आणि जुन्या ऐरणीची बैठक माथ्याला समांतर असेलच असे नाही, त्यामुळे एका टोकाला ३ मिलिमीटर ठरवलेली कापणी दुसऱ्या टोकाला त्याहून बरीच जास्त होऊ शकते.

२ मिलिमीटरच्या खोलगटपणाने लहान कामात काहीही अडत नाही. उलट वाकडी सळई सरळ करताना तो उपयोगी पडतो, कारण सळई थोडी उलट दिशेला दाबल्याखेरीज सरळ राहत नाही आणि तंतोतंत सपाट माथ्यावर तेवढी जागाच मिळत नाही.

आता उसळीविषयी. २५ पैकी १९-२० म्हणजे पाऊणहून अधिक. माथ्याचे पाणी शाबूत आहे, याची ही चांगली खूण आहे. टाचेखाली वस्तुमान नसल्यामुळे तिथे उसळी कमी होणे स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून ऐरण खराब ठरवू नये. मात्र एकाच टाचेच्या दोन कडांमधला फरक आणि बद्द आवाज एकत्र पाहता मागच्या कोपऱ्यात पट्टी धडापासून सुटली असण्याची शंका येते. त्या बाजूचा सांधा वायर ब्रशने स्वच्छ करावा, केरोसीन लावून काही वेळ मुरू द्यावे, पुसून कोरडे करावे आणि वर खडूची भुकटी चोळावी. फट असेल तर आत गेलेले केरोसीन खडूवर ओल्या रेषेने उमटते.

आकड्यांचे गणित सोपे आहे. जुन्या इंग्लिश पद्धतीत पहिला आकडा हंड्रेडवेटचा (११२ पौंड), दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा (२८ पौंड) आणि तिसरा सुट्या पौंडांचा असतो. म्हणजे ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. ऐरणीचे वजन हातोडीच्या निदान ५० पट असावे, असा एक ढोबळ हिशेब धरतात. त्यानुसार एक-दीड किलोच्या हातोडीला ही ऐरण पुरेशी आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. वेल्डिंगबद्दल भर घालतो. थंड ऐरणीवर साधे वेल्डिंग केले की दोन प्रकारचे नुकसान एकदमच होते: जोडाच्या अगदी लगतचा भाग खूप तापून आजूबाजूच्या थंड वस्तुमानामुळे झपाट्याने निवतो व ठिसूळ होऊन तडकतो, तर त्याच्या थोडे पलीकडे माथ्याचे पाणी उतरून मऊ पट्टा तयार होतो. ही दुरुस्ती अशक्य मुळीच नाही. संपूर्ण ऐरण आधी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, योग्य रॉडने थोडे थोडे भरत, शेवटी सावकाश निवू देऊन ती केली जाते. परंतु कड कामाचीच उरली नसेल तरच हा खटाटोप करावा. आपल्या ऐरणीला त्याची गरज दिसत नाही.

धारदार कड असावी, ही अपेक्षाही चुकीची आहे. तीव्र कडेवर खांदा (कामातली पायरीसारखी खाच) पाडला तर कामाच्या आतल्या कोपऱ्यात चीर पडते आणि वस्तू पुढे तिथेच तुटते. तुटलेल्या जागा फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरवर लावायच्या घासचकतीने) गोलाई देत मिटवाव्यात, शिंगाकडे ५-६ मिलिमीटर आणि टाचेकडे कमी कमी होत जाणारी. डिस्क चालवताना पोलादावर निळा रंग चढू देऊ नये. ओले फडके जवळ ठेवावे. क्वचित तीव्र कोपरा लागलाच, तर चौकोनी भोकात बसेल अशा दांड्याचा पोलादी ठोकळा करून घ्यावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. केरोसीनची चाचणी केली. पुढच्या बाजूला काहीच उमटले नाही. मागच्या बाजूला टाचेच्या टोकापासून अंगठ्याएवढ्या लांबीची बारीक ओली रेष आली आणि तिथेच थांबली. वेल्डिंग व मिलिंग दोन्ही रद्द केले आहे. या फटीमुळे ऐरण वापरणे धोक्याचे ठरेल का?

प्रतिसाद १

नाही. जड ठोकाई कमरेच्या वरच्या भागातच करावी आणि मागच्या कोपऱ्यावर घण चालवू नये. टाच वाकवण्यापुरती आणि भोके वापरण्यापुरती ठेवावी; चौकोनी भोकात अवजार पाचर मारल्यासारखे घट्ट ठोकून बसवू नये, टाच तुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. छन्नीने तोडायचे काम पायरीवर करावे, कारण ती मऊ असते आणि छन्नीची धार तिथे वाचते. रिकाम्या माथ्यावर हातोडी मारू नये आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच, कारण कडक पोलादावर कडक पोलाद बसले की कपची गोळीसारखी उडते.

बसवताना माथ्याची उंची, आपण सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मुठीच्या पेरांना टेकेल इतकी ठेवावी. लाकडी ओंडक्यावर बैठक पक्की जखडली आणि कमरेभोवती जाड साखळी आवळली, की कानठळ्या बसवणारा आवाज बराच कमी होतो. मागची फट दर काही महिन्यांनी खडूने पुन्हा तपासावी आणि रेष जिथे संपते तिथे पंचाने खूण करून ठेवावी, म्हणजे ती पुढे सरकते आहे का ते कळेल.