मदत हवी आहे: आईची एचबीए१सी ७.९ पण मीटरवर सगळं ठीक, खरं काय धरायचं?

नमस्कार, वाचते रोज पण प्रश्न पहिल्यांदाच विचारतेय, लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

आई ६६ वर्षांची, शुगर १३ वर्षं. मेटफॉर्मिन दोन्ही वेळा, ग्लिमेपिराइड सकाळी एक, बीपीसाठी एटेनोलॉल. इन्सुलिन नाही. घरच्या मीटरवर मी तपासते आणि वहीत लिहिते, दीड महिन्याचं सगळं आहे. उपाशीपोटी ११० ते १३५, जेवणानंतर दोन तासांनी १५० ते १७५. मस्त चाललंय असं धरून होतो आणि गेल्या आठवड्यात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) आली ७.९! मागची ७.१ होती.

मी आधी काय केलं तर आईला विचारलं की चोरून गोड खातेस का. ती रडली आणि दोन दिवस धड बोलली नाही. मग दुसरा शहाणपणा. काही वर्षांपूर्वी ८ च्या वर गेली होती तेव्हा डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडच वाढवली होती, अपॉइंटमेंटला अजून दोन आठवडे आहेत, तोवर कशाला थांबायचं म्हणून रात्री अर्धी गोळी जास्तीची सुरू केली. आज चौथा दिवस. पहाटे आई उठते तेव्हा गाउन घामाने भिजलेला, सकाळी डोकं जड, चिडचिड, आणि उपाशीपोटी कमी व्हायची तर आज उलट १५२! म्हणजे डोस अजून कमी पडतोय का? की मीटर बिघडलंय?

प्रतिसाद १
माझ्या ओळखीत एकांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या, फक्त चालतात, एकदम फिट. गोळ्यांच्या नादी लागू नका.

प्रतिसाद २
वरच्यांचं कृपया ऐकू नका. आणि ताई, ती रात्रीची अर्धी गोळी आजपासून बंद, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं तेवढंच द्या, आणि त्यांना आजच फोन करून हे सगळं सांगा, दोन आठवडे थांबू नका. मी स्वतः २२ वर्षं शुगरवाला, तुम्ही लिहिलंय ते वाचून मलाच घाम फुटला.

पहाटे घाम, सकाळी डोकं जड म्हणजे रात्री शुगर खाली जात असणार. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की झोपलेले. मेटफॉर्मिन एकटी असते तेव्हा असं सहसा होत नाही. त्यात एटेनोलॉल! शुगर पडली की छाती धडधडते, हात थरथरतात, तो इशारा ही गोळी दाबून टाकते, घाम तेवढा राहतो. म्हणून घामाला हलकं घेऊ नका.

आज रात्री तीनचा अलार्म लावा आणि तपासा. ७० च्या खाली असेल आणि त्या शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (चहाचे तीन-चार चमचे) पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी परत बघा, अजून ७० च्या खाली तर परत तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. वर आली की थोडं खायला द्या कारण ही गोळी लांब चालते, तासाभराने परत पडू शकते. झोपेतून नीट जाग्याच होत नसतील तर तोंडात काही घालू नका, सरळ ॲम्ब्युलन्स.

सकाळच्या १५२ चं म्हणाल तर पहाटे कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साखर सोडतं, असं बऱ्याच जणांना होतं. रात्री पडली म्हणून सकाळी उसळते असंही सांगतात पण त्यावर डॉक्टरांचं एकमत नाही. कसंही असो, नुसत्या सकाळच्या आकड्यावरून रात्रीची गोळी ठरवता येत नाही.

प्रतिसाद ३
मी लॅबमध्ये काम करते. एक विचारते, आईंचं हिमोग्लोबिन किती आहे?

का विचारतेय ते सांगते. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. पण लोह किंवा बी१२ कमी असेल तर नवीन पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात आणि त्यांना साखर जास्त चिकटलेली असते. रिपोर्ट फुगतो, शुगर तेवढी नसतानाही. रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटत असतील तर याच्या उलट.

७.९ म्हणजे सरासरी १८० च्या आसपास यायला हवी (२८.७ ने गुणून ४६.७ वजा करा). तुमच्या वहीत एकही आकडा १८० नाहीये. एवढा फरक असेल तर पेशंटवर संशय घेण्याआधी रिपोर्टवर घ्यावा 🙂 अर्थात तुम्ही त्याच दोन वेळा तपासताय, मधल्या वेळेत वाढत असेल तर ते वहीत दिसणार नाही, दोन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी बघा. आणि बोट साबणाने धुऊन कोरडं करून मगच टोचा, फळ हाताळलेल्या बोटाने भलताच आकडा येतो.

१३ वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी१२ तर बघाच, ती गोळी बरीच वर्षं घेतली की कमी होतं. क्रिएटिनिन पण विचारा, किडनी मंदावली असेल तर शुगर पडण्याचा धोका वाढतो.

धागाकर्ती
अपडेट. रात्री गोळी दिली नाही, तरी तीनला ५९!!! हात कापत होते, माझे. साखरेचं पाणी दिलं, १५ मिनिटांनी ८४, थोडं खाल्लं आणि झोपली, मी नाही झोपले, साडेचारला परत बघितलं तर १०६. सकाळी डॉक्टरांना फोन केला, ओरडा खाल्ला, तो खायलाच हवा होता. सकाळची ग्लिमेपिराइडही सध्या बंद केलीये त्यांनी आणि उद्याच बोलावलंय.

जुना रिपोर्ट काढला, हिमोग्लोबिन ९.४. कागद आठ महिने कपाटात होता, कोणी बघितलंच नाही, मीसुद्धा.

प्रतिसाद २
बरं झालं तपासलंत. वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, बीपीची पण.

धागाकर्ती
जाऊन आलो. लोह आणि बी१२ दोन्ही कमी निघालं, क्रिएटिनिन ठीक आहे. दोन्हीचे उपचार सुरू, आणि लोह का कमी झालं त्याच्याही तपासण्या सांगितल्यात, या वयात रक्त कुठून जात नाही ना ते बघावं लागतं म्हणाले. मेटफॉर्मिन तशीच. बीपीची गोळी बदलायची का ते पुढच्या वेळी. तीन रात्री झाल्या, तीनचा आकडा ९० च्या वरच आहे.

लॅबवाल्या ताईंना एक शेवटचं, आता एचबीए१सी परत कधी करायची?

प्रतिसाद ३
घाई करू नका. उपचाराने नवीन पेशी भराभर येतील, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे मध्येच केलीत तर आकडा खोटाच कमी दिसेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. हिमोग्लोबिन सुधारून स्थिर झालं की मग तीन महिन्यांनी. तोवर वही चालू ठेवा. डॉक्टरांना हवंच असेल तर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची टेस्ट होते, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं कळतं आणि लाल पेशींशी त्याचा संबंध नसतो.

धागाकर्ती
ओके, थांबते. वही आता आईने स्वतःकडे घेतलीये, म्हणते तू फार प्रश्न विचारतेस.