ग्वाल्हेर ते मुक्तिनाथ, कार्ब्युरेटरवाल्या 350 वर: जेट बदलायचा का?

शिंदेछावणी_350
नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की ग्वाल्हेर–सोनौली–पोखरा–मुक्तिनाथ असा नेपाळचा बेत आहे. गाडी 2017 ची रॉयल एनफील्ड क्लासिक 350, कार्ब्युरेटरवाली, मागे ड्रम ब्रेक, ट्यूबचे टायर. मागे सौ. आणि दोन बॅगा. हाताशी 11 दिवस. मिस्त्री म्हणतो उंचीसाठी लहान जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी नळी) टाकून जा. टाकावा का? सीमेवर कागद कोणते लागतात? आणि पोखऱ्याहून मुक्तिनाथ एका दिवसात होतं का?

मुरारवाले_काका
कागदांचं आधी सांगतो. तुम्हा दोघांचं मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. आधार चालत नाही, 15 ते 65 वयाच्या माणसाला तर नाहीच. गाडीचं मूळ आरसी आणि लायसन्स. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र न्या.

सोनौलीची कमान ओलांडली की बेलहिया. तिथल्या भन्सार (कस्टम्स) कार्यालयात दिवस मोजून पैसे भरायचे आणि चिठ्ठी घ्यायची, मग यातायात परमिट. चिठ्ठीवर ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त टाकून घ्या. दरड पडून अडकलात आणि तारीख उलटली तर दंड बसतो, आणि दोन दिवसांचे जादा पैसे त्या दंडापुढे काहीच नाहीत. परत येताना चिठ्ठी तिथेच जमा करायची, खिशात घेऊन ग्वाल्हेरला यायचं नाही.

विम्याकडे लोक बघतच नाहीत. आपली पॉलिसी भारतापुरतीच असते. थोडा जास्त हप्ता भरून नेपाळपर्यंत क्षेत्र वाढवून मिळतं, त्याची लेखी नोंद पॉलिसीवर करून घ्या.

मुक्तिनाथ ज्या मुस्तांग जिल्ह्यात आहे, तो अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो. त्याचा परवाना पोखऱ्यात काढा, सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपये. आपला 1 रुपया म्हणजे त्यांचा 1.60, हिशेब सोपा. आपल्या शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. भाऊबीज तिकडेही तिहारचा शेवटचा दिवस, आणि लगेच छठ. त्या दिवसांत कचेऱ्या बंद आणि गोरखपूरच्या बाजूला तुडुंब गर्दी. छठ होऊन जाऊ द्या.

बारा_तेराचा_पाना
जेट बदलू नका. ग्वाल्हेर ते मुक्तिनाथ जाऊन-येऊन बावीसशे किलोमीटर धरा. त्यात अडीच हजार मीटरच्या वरचे जेमतेम शंभर-सव्वाशे. त्या तेवढ्यासाठी लहान जेट टाकलात तर उरलेले दोन हजार किलोमीटर, तेही दोन माणसं आणि सामान घेऊन, इंजिन लीन मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) तापत राहील.

वर होतं काय, तर हवा विरळ आणि पेट्रोल जवळपास तेवढंच, म्हणून मिश्रण रिच होतं. प्लग काळा पडतो, थ्रॉटल सोडला की गाडी बंद पडते. तुमचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारा आहे, तो थोडं आपोआप सांभाळून घेतो. उरलेल्यासाठी नवा एअर फिल्टर, एक जादा प्लग, आणि जोमसोमला पोचल्यावर आयडलचा स्क्रू जरासा चढवा. ताकद मात्र एक तृतीयांश जाणारच, 20 हॉर्सपॉवरची तेरा-चौदा उरते. म्हणून कागबेनीच्या वरच्या वळणांवर पहिल्या-दुसऱ्यातच चढायचं, तिसऱ्यात ओढून क्लच जाळायचा नाही.

मला जास्त काळजी उतरणीची वाटते. मुक्तिनाथ साधारण 3700 मीटरवर, तातोपानी 1200 वर. अडीच हजार मीटर तुम्ही दोघं आणि सामान ब्रेकवर उतरवणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 चा उकळबिंदू किमान 230 अंश, पाणी मुरलेल्याचा 155 पर्यंत खाली. तेल उकळलं की लिव्हर स्पंजासारखा दबतो आणि गाडी थांबत नाही. तेव्हा निघण्याआधी पुढचं तेल बदला आणि मागचे शू उघडून बघा. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक दाबून-सोडून. पाय सारखा पेडलवर ठेवलात तर ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

हवेचंही एक. वर गेजवर उंचीमुळे सुमारे 5 पीएसआय जास्त दिसतात, थंडीने त्यातले दोन-तीन परत जातात. म्हणून घाबरून हवा काढू नका. काढलीत तर पोखऱ्यात टायर बसका आणि ट्यूब चिमटलेली.

शिंदेछावणी_350
जेट रद्द. मग एका दिवसाचं काय?

मुरारवाले_काका
नाही हो. पोखरा 820 मीटर, अंतर 180 किलोमीटरच्या आत-बाहेर, पण तास विचारा. बेनीपर्यंत 80, तिथून जोमसोम जवळपास तेवढंच, आणि ते दरडी, चिखल, ओढे यांतून. शिवाय एका दिवसात 3700 वर जाऊन झोपणं म्हणजे रात्रभर डोकं धरून बसणं.

पहिला मुक्काम तातोपानी किंवा घासा. दुसरा कागबेनी, 2800 मीटर. तिथून सकाळी वर, 108 धारांखाली स्नान, दर्शन, आणि दुपारच्या आत खाली. मुक्कामाला वर राहू नका. डोकं दुखून उलटी आली तर खाली उतरणं हाच इलाज, गोळी घेऊन पुढे जाऊ नका.

आणि वारा! कालीगंडकीच्या एका अंगाला धौलागिरी 8167 मीटर, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा 8091, मधल्या खिंडीतून दहा-अकरानंतर दक्षिणेकडून वारा सुटतो. जाताना पाठीवर असतो म्हणून कळत नाही. परतीला तोच समोरून, वाळूसकट. बॅगा शिडासारख्या हवा धरतात. म्हणून परतीचा कागबेनी-मार्फा टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत संपवा. ओढ्यांना बर्फ वितळून पाणी वाढतं तेही दुपारीच.

ओढा असा पार करा: सौ. ना खाली उतरवा, आधी पायी जाऊन तळ बघा, पहिला गिअर, थ्रॉटल स्थिर, मध्ये क्लच नाही. बंद पडली आणि पाणी फिल्टरपर्यंत चढलं असेल तर सेल्फ मारू नका. प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर काढा, मग सुरू करा. पलीकडे गेल्यावर मागचा ब्रेक हलका धरून शंभर मीटर चालवा, ड्रम वाळतो.

चेन_स्प्रॉकेट
सुट्या भागांत क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, पुढची-मागची एकेक ट्यूब (पुढे 19 इंची, मागे 18, दोन्ही लागतात), दोन टायर लिव्हर, छोटा पंप, चेनची जोडकडी, फ्यूज, लिव्हरची जोडी, अर्धा लिटर 15डब्ल्यू-50 इंजिन ऑइल. नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवा, थंड बोटांनी टाकीखाली ओवणं म्हणजे छळ. चेन बेनीला आणि परत आल्यावर पोखऱ्याला धुऊन तेल द्या. वाळू आणि जुनं ग्रीस मिळून पॉलिश पेपर तयार होतो.

बुटवल ते पाल्पा सिद्धबाबाचा टप्पा उजेडात पार करा, तिथे दगड येतात. मार्फ्यात सफरचंदाची ब्रँडी मिळते. मुक्काम तिथे नसेल तर बाटली बॅगेतच राहू द्या, तिकडचे पोलिस मापसे (दारू पिऊन गाडी चालवणं) तपासतात.